तिकिटाखालचे ते ‘किलो’ नेमके कशाचे? सुट्टीतल्या प्रवासाचा हिशोब

मागच्या महिन्यात रात्री जेवणं आटोपल्यावर सुट्टीची तिकिटं बघत बसले होते. एकाच दिवसाची, एकाच मार्गावरची दोन विमानं समोर होती. भाडं जवळपास सारखंच होतं, पण भाड्याखाली बारीक अक्षरात एकाच्या पुढे ‘९८ किलो सीओटू’ होतं आणि दुसऱ्याच्या पुढे ‘१३१ किलो’. शेजारी बसलेल्या लेकीनं विचारलं, “आई, हे किलो सामानाचे का?”

मी नाही म्हटलं खरं, पण पुढे नीट सांगता येईना. वायूचं वजन किलोत कसं करतात? एकाच वाटेनं जाणाऱ्या दोन विमानांत तेहेतीस किलोंचा फरक कुठून येतो? आणि खाली ‘थोडे जास्त पैसे भरा, तुमचा प्रवास निसर्गस्नेही करा’ असा जो चौकोन टिचकीची वाट बघत असतो, त्यावर टिचकी मारायची की नाही? आता बऱ्याच ठिकाणी तिकीट काढताना हे आकडे दिसतात आणि माझ्यासारखे बरेच जण ते न वाचताच पुढे जातात. म्हणून हे जरा सविस्तर.

किलो कशाचे?

पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन यांत मुख्य घटक कार्बन. इंधन जळतं तेव्हा कार्बनचा एक अणू हवेतल्या ऑक्सिजनच्या दोन अणूंना धरतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्यालाच तिकिटावर सीओटू म्हणतात. कार्बनच्या अणूचं वजन १२ धरलं, तर ऑक्सिजनच्या दोन अणूंचं मिळून ३२ होतं. बेरीज ४४. म्हणजे टाकीतून निघालेला १२ ग्रॅम कार्बन धुराड्यातून बाहेर पडताना ४४ ग्रॅमचा वायू झालेला असतो, कारण वरचं वजन त्यानं हवेतून उचललेलं असतं.

एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास असतं. ते जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. विमानाचं एक किलो इंधन जळलं की ३.१६ किलो. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, म्हणून तो हलकाच असणार असं आपण मनात धरून चालतो. प्रत्यक्षात भरलेली टाकी रिकामी होते, तेव्हा तिच्यातल्या इंधनाच्या तिप्पट वजन आपण हवेत सोडून आलेलो असतो. त्यातला बराचसा भाग शेकडो वर्षं तिथेच राहतो आणि सूर्याची उष्णता अडकवून ठेवतो.

तिकिटावरचा आकडा म्हणजे त्या फेरीत जळणाऱ्या इंधनातला तुमच्या वाट्याचा हिस्सा. संपूर्ण विमानाचा धूर प्रवाशांत वाटायचा. पण सारखा वाटायचा नाही, जागेच्या हिशोबानं वाटायचा. एका खोलीत चौघे राहत असतील आणि एकानंच निम्मी खोली अडवली असेल, तर भाडंही त्यानं निम्मं द्यायला हवं. पुढच्या भागातल्या पाय पसरून झोपायच्या खुर्चीनं साध्या खुर्च्यांची तीन-तीन माणसांची जागा खाल्लेली असते. म्हणून बिझनेस वर्गातल्या प्रवाशाचा वाटा साध्या वर्गातल्या प्रवाशाच्या साधारण तिप्पट निघतो.

आमच्या त्या दोन विमानांतला फरकही असाच उलगडला. एक नव्या बनावटीचं होतं. नवी इंजिनं आधीच्या पिढीपेक्षा १५ ते २० टक्के कमी इंधन खातात. शिवाय त्यात खुर्च्या जास्त, म्हणजे वाटेकरी जास्त. त्यामुळे भाडं सारखं असेल तर कमी किलोंचं विमान निवडायला दुसरा विचार करायची गरज नाही. वाटेत थांबून जाणाऱ्या विमानाऐवजी थेट जाणारं मिळत असेल तर तेच घ्यावं. थांब्यामुळे अंतर वाढतं आणि उड्डाणं दोन होतात.

चार वाहनं, एकच अंतर

ब्रिटनचं सरकार दरवर्षी एक तक्ता प्रसिद्ध करतं. कुठल्या वाहनानं एक माणूस एक किलोमीटर गेला तर किती उत्सर्जन धरायचं, याचा. २०२२ च्या तक्त्यात देशांतर्गत विमानाला सुमारे २४६ ग्रॅम आहेत, रेल्वेला ३५ आणि लांब पल्ल्याच्या बसला २७. दुसऱ्या देशांत हे आकडे खालीवर होतील. रेल्वेची वीज कशापासून बनते आणि गाडी किती भरून धावते, यावर ते ठरतं. पण चढण-उतरण साधारण हीच राहते.

आता ६०० किलोमीटरचा प्रवास धरा. एका माणसाचा, एका बाजूचा. विमानानं १४८ किलो. रेल्वेनं २१. बसनं १६. आणि मोटारीनं? इथे उत्तर देण्याआधी उलट विचारावं लागतं: गाडीत किती जण? लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोलच्या गाडीला ४० लिटर लागतील, म्हणजे ९२ किलो. एकटाच माणूस असेल तर सगळे ९२ त्याच्या नावावर. चौघे असतील तर प्रत्येकी २३, म्हणजे जवळजवळ रेल्वेइतकेच.

हे मला स्वतःला अनपेक्षित होतं. मोटार वाईट आणि रेल्वे चांगली, असं सरसकट मनात बसलेलं होतं. खरं तर रिकाम्या खुर्च्या वाईट. दोन कुटुंबं एकाच गावाला निघाली असतील आणि दोन गाड्यांत मिळून पाच माणसं असतील, तर तिथे एक गाडी घरी ठेवण्यानं जे साधतं ते नवी, कमी पेट्रोल खाणारी गाडी घेऊनही साधत नाही.

गाडीनंच जायचं असेल तर वेग जरा आवरावा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी १२० वरून १०० वर आलात की हा अडथळा सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. टपावरचं रिकामं कॅरियर काढून ठेवावं, टायरमधली हवा बघावी. विजेवरच्या गाडीचा हिशोब तिला मिळणाऱ्या विजेवर अवलंबून असतो.

जहाजाबद्दल लोकांचा नेहमी गैरसमज होतो. समुद्रावरून संथ जातं म्हणजे कमी धूर सोडत असेल, असं वाटतं. पलीकडच्या किनाऱ्यावर नेऊन सोडणाऱ्या साध्या फेरीबोटीच्या बाबतीत, गाडी न घेता चढलेल्या प्रवाशापुरतं, ते खरंही आहे. पण सहलीचं मोठं क्रूझ जहाज म्हणजे पोहण्याच्या तलावांसकट, स्वयंपाकघरांसकट, दिवसरात्र चालणाऱ्या वातानुकूलनासकट पाण्यावरून ढकलत नेलेलं हॉटेल. त्याला रेल्वेच्या रांगेत बसवता येत नाही.

विमानाचा आकडा इतका मोठा का?

पहिलं कारण उड्डाणाचं. विमानात सगळ्यात जास्त जोर लागतो तो जमिनीवरून उठून दहा-अकरा किलोमीटर उंची गाठायला. विहिरीतून भरलेली घागर वर ओढताना हात भरून येतात, मग ती काठावरून चार पावलं न्यायला फारसं काही लागत नाही, तसंच. प्रवास छोटा असेल तर ‘ओढण्याचा’ भाग मोठा आणि ‘चालण्याचा’ भाग छोटा. म्हणून तासाभराची उड्डाणं दर किलोमीटरमागे जास्त महाग पडतात. सोय अशी की रेल्वे आणि बस हे पर्याय नेमके याच अंतरांवर हाताशी असतात. फ्रान्सनं हाच धागा धरून कायदा केला. २०२३ मध्ये तिथे जो प्रवास रेल्वेनं अडीच तासांत होतो, त्या मार्गावरची देशांतर्गत विमानं बंद केली गेली. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून नांत, ल्यों आणि बोर्दो इथे जाणारी विमानं त्यात थांबली. तीनच मार्ग, त्यामुळे फार मोठी बचत झाली असं नाही. पण जिथे दुसरी सोय आहे तिथे विमान नको, हे एका देशानं कायद्यात लिहिलं.

दुसरं कारण आपण लहानपणी मान वर करून बघितलेलं असतं. विमानामागे उमटणारी पांढरी रेघ. ती धुराची नसते, बर्फाची असते. इंजिनातून निघणारी वाफ थंडगार हवेत काजळीच्या कणांभोवती गोठते. हवा कोरडी असेल तर रेघ मिनिटभरात विरते. हवा दमट आणि पुरेशी थंड असेल तर ती रुंदावत जाते, दोन-तीन तासांत विरळ ढगासारखी पसरते आणि जमिनीवरून वर जाणारी उष्णता अडवते. दिवसा हाच ढग थोडं ऊन परतही पाठवतो. रात्री ऊनच नसतं, तेव्हा त्याचं फक्त पांघरूण होतं.

हा परिणाम धरला तर विमानांचा वाटा चांगलाच वाढतो. माणसाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचे सुमारे अडीच टक्के असतात, पण पृथ्वी तापवण्यातला त्यांचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या घरात जातो. तिकिटावरच्या आकड्यात या रेघा धरल्यात की नाही, हे संकेतस्थळागणिक बदलतं. एकाच प्रवासाचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात, ते बहुतेक यामुळेच. वरच्या ब्रिटिश तक्त्यातल्या २४६ ग्रॅममध्ये त्या धरलेल्या आहेत.

यात एक दिलासाही आहे. टिकणाऱ्या रेघा थोड्याच उड्डाणांमागे उमटतात. जपानच्या आकाशातल्या विमानांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात रेघांमुळे होणाऱ्या तापण्याचा ८० टक्के भाग फक्त २.२ टक्के उड्डाणांमधून आलेला आढळला. तेवढ्या विमानांनी दमट पट्टा टाळून थोडं वरून किंवा खालून जायचं, एवढ्यानं बरंच साधू शकतं. हे काम मात्र विमान कंपन्यांचं आणि हवाई नियंत्रणाचं. प्रवाशाच्या हातात फार तर रात्रीऐवजी दिवसाचं विमान घेणं आहे.

“विमान तसंही उडणारच की!”

हे वाक्य मी स्वतः कितीदा म्हटलंय. उद्याच्या विमानापुरतं ते खरंही आहे. मी गेले नाही तर ते माझी खुर्ची रिकामी ठेवून उडेल. पण पुढच्या हंगामात त्या मार्गावर किती विमानं सोडायची, हे कंपन्या मागच्या हंगामातल्या भरलेल्या खुर्च्या मोजून ठरवतात. रस्त्यावर रोज चार गाड्या भरून जात असतील तर पाचवी सुटते. तीनच भरत असतील तर चौथी बंद होते. पाचवी गाडी नक्की कुठल्या प्रवाशामुळे सुटली हे कुणाला दाखवता येत नाही. म्हणूनच तिचा हिस्सा सगळ्यांच्या नावावर थोडाथोडा लिहायचा.

“माझ्या एकटीनं काय होणार?”

विमानानं सगळेच जातात असं आपल्याला वाटतं, कारण आपल्या ओळखीतले जातात. २०१८ च्या आकड्यांवर आधारलेल्या एका अभ्यासात दिसलं की त्या वर्षी जगातल्या फक्त ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला. दुसऱ्या देशात विमानानं गेलेले फार तर ४ टक्के. आणि प्रवासी विमानांच्या उत्सर्जनातला निम्मा भाग जगातल्या केवळ एक टक्का लोकांच्या वाट्याचा होता.

हे वाचून मला गप्प व्हायला झालं. मी त्या एका टक्क्यात नक्की नाही, पण अकरांत आहे. सात हजार किलोमीटरवरच्या ठिकाणी साध्या वर्गानं जाऊन-येऊन, रेघांचा परिणाम धरून, माणशी सुमारे दोन टन होतात. जगातला सरासरी माणूस वर्षभराचा दिवा, चूल, काम, प्रवास सगळं मिळून ४.७ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. एका सुट्टीचा आकडा या वर्षाच्या बेरजेशेजारी ठेवला की ‘माझ्या एकटीनं’ हे शब्द तोंडातून निघत नाहीत. ज्यानं कधी विमानात पाऊल ठेवलं नाही त्याला काही कमी करायचंच नाही. कमी करण्याजोगं आहे ते आपल्याकडे.

“थोडे पैसे भरून झाडं लावली तर?”

चौकोनातली ती टिचकी म्हणजे ऑफसेट. मी धूर सोडते, त्याच्या बदल्यात दुसऱ्या कुणाला तेवढा धूर कमी करायला पैसे देते. कल्पनेत खोट नाही. अडचण पडताळणीत आहे.

समजा माझ्याकडून बादलीभर पाणी सांडलं. भरपाई म्हणून मी शेजाऱ्याला त्याचा नळ तासभर बंद ठेवायचे पैसे दिले. पण तो बाहेरगावी गेलेला असेल आणि नळ मुळात बंदच असेल तर? जे जंगल कुणी तोडणारच नव्हतं ते ‘वाचवल्याचे’ पैसे घेतले तर नेमकं हेच होतं. किंवा त्यानं हा नळ बंद करून मागच्या अंगणातला सोडला असेल तर? एक डोंगर राखला आणि तोड शेजारच्या डोंगरावर सरकली. तिसरी गोष्ट काळाची. धूर आज सुटतो, तर रोपाला तेवढा कार्बन शोषायला काही दशकं लागतात, आणि मध्येच वणवा लागला तर साठवलेलं सगळं पुन्हा हवेत.

युरोपीय संघानं २०२४ साली एक कायदा केला. केवळ अशा भरपाईच्या जोरावर वस्तू किंवा सेवा ‘हवामानावर शून्य परिणाम करणारी’ आहे असं ग्राहकाला सांगण्यावर त्यात बंदी आहे. सप्टेंबर २०२६ पासून ती लागू होते. झाडांसाठी पैसे जरूर द्यावेत, चांगलं काम करणारी माणसं आहेत. पण ते देणगी म्हणून द्यावेत. उड्डाण धुऊन निघालं असं समजून दुसरं तिकीट काढू नये.

“नवं इंधन येतंय ना?”

येतंय. वापरलेलं खाद्यतेल, शेतातला कचरा अशा गोष्टींपासून बनणाऱ्या विमान इंधनाला सॅफ म्हणतात. पण २०२४ मध्ये जगातल्या एकूण विमान इंधनात त्याचा वाटा होता सुमारे ०.३ टक्के. हजार लिटरमागे तीन लिटर. युरोपीय संघात २०२५ पासून किमान २ टक्के मिसळणं बंधनकारक झालं आहे आणि २०३० मध्ये ते ६ टक्के होईल. या वर्षीच्या सुट्टीचा हिशोब त्यानं बदलत नाही.

पोचल्यावर काय?

हॉटेलच्या न्हाणीघरात एक पाटी हमखास असते: टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा. पुन्हा वापरावा, त्यात कष्ट कसले? अमेरिकेतल्या संशोधकांनी २००८ साली या पाट्यांवरच एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. ‘पर्यावरणासाठी’ असं लिहिण्यापेक्षा ‘इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असं लिहिल्यावर जास्त लोकांनी ऐकलं. माणूस उपदेशापेक्षा शेजाऱ्याकडे बघून वागतो. पण टॉवेलमध्ये वाचलेल्या विजेचा आणि विमानातल्या एका तासाचा मेळ बसवायला जाऊ नये. प्रवासाचा मोठा आकडा तिकीट काढतानाच ठरून गेलेला असतो.

मग पोचल्यावर काही उरत नाही का? उरतं, पण ते वेगळ्या वहीत लिहायचं. तिथलं पाणी, तिथला कचरा, तिथलं रान. थायलंडमधली माया बे ही छोटीशी खाडी. तिथे दिवसाला पाच हजारांच्या आसपास लोक येत होते. होड्या थेट खाडीत शिरायच्या, नांगर प्रवाळांवर पडायचे, आणि जीवघेण्या गर्दीत पाण्यातले मासे दिसेनासे झाले. जून २०१८ मध्ये सरकारनं खाडी बंद केली. जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा उघडली तेव्हा होड्यांना आत यायला मनाई होती. आता त्या बेटाच्या मागच्या बाजूला लागतात आणि एका वेळी मोजक्याच लोकांना आत सोडतात. मधल्या काळात काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क त्या उथळ पाण्यात परत आले होते.

गर्दीच्या जागी गर्दीच्या आठवड्यात जाऊ नये, हे मी यातून घेतलं. शक्य असेल तेव्हा हंगामाच्या आधी किंवा नंतर जावं. पाण्याची टंचाई असलेल्या ठिकाणी आपली आंघोळ तिथल्या माणसाच्या हंड्यातून होते, हे लक्षात ठेवावं. बाटली घरून न्यावी. आणि तिथल्याच माणसांच्या घरगुती मुक्कामात राहावं.

“आमचे आईवडीलच लांब राहतात, त्यांना भेटायचं नाही का?”

भेटायचंच. आईला भेटायला जाण्याच्या आड कुठल्याही तक्त्यानं येऊ नये, असं माझं ठाम मत आहे. धाकटी बहीण समुद्रापलीकडे राहते. तिच्याकडे जायला दुसरी वाटच नाही. मात्र दोन वर्षांतून एकदा जाऊन महिनाभर राहणं आणि दर वर्षी चार-पाच दिवस धावत जाऊन येणं यात उत्सर्जन निम्म्यावर येतं आणि सहवास कितीतरी वाढतो.

पर्यटनावर पोट असलेल्यांचाही प्रश्न रास्त आहे. त्यावरही मला हेच उत्तर पटतं. चार दिवस राहून जाणाऱ्या पाहुण्यापेक्षा बारा दिवस राहणारा गावात जास्त पैसे खर्च करतो, पण त्याच्या येण्याजाण्याचा धूर तेवढाच असतो.

वेळेची अडचण मात्र खरी आहे, आणि तिला गोड बोलून बगल देता येत नाही. ज्याला सलग रजाच मिळत नाही त्याला ‘सावकाश जा’ म्हणणं सोपं असतं. त्याला सांगण्यासारखं एवढंच: तीन-चार दिवसांच्या सुट्टीत जवळचं ठिकाण निवडा आणि लांबचं ठिकाण मोठ्या रजेसाठी राखून ठेवा. रात्रीची रेल्वे असेल तर दिवस मोडत नाही. झोपेतच अंतर कटतं आणि एका रात्रीचं हॉटेल वाचतं. युरोपात ऑस्ट्रियाच्या रेल्वेनं २०१६ मध्ये, शेजारच्या जर्मनीनं सोडून दिलेल्या झोपायच्या गाड्या आपल्याकडे घेतल्या आणि हे जाळं पुन्हा वाढवत नेलं.

आमच्या घरी यंदा काय ठरलं ते सांगते. आधी तीन छोट्या सहली व्हायच्या, तिन्ही साधारण सहाशे किलोमीटरच्या, विमानानं. माणशी सहा उड्डाणं, म्हणजे ८८८ किलो. लेकीनं कागदावर गुणाकार मांडला आणि बराच वेळ त्याकडे बघत बसली. यंदा एकच सहल आहे, बारा दिवसांची. जाताना रात्रीची रेल्वे. परतताना तिची शाळा दुसऱ्याच दिवशी सुरू होतेय आणि त्या दिवसाची रेल्वे भरलेली आहे, म्हणून विमान. २१ अधिक १४८, माणशी १६९. कागद स्वयंपाकघरात भिंतीवर डकवलाय. १४८ भोवती लेकीनं पेन्सिलीनं गोल काढलाय आणि शेजारी लिहिलंय, ‘पुढच्या वेळी रेल्वेचं तिकीट लवकर काढणे.’